माश्यांचं घड्याळ आणि नामदेवभाऊंचा दीड

आमच्या लॅबमध्ये फळमाश्यांपेक्षा किस्से जास्त वेगाने वाढतात. माश्यांच्या बाटलीला निदान कापसाचा बोळा तरी लावता येतो!

माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट एवढाच: माशीच्या आतलं झोपेचं-जागेपणाचं घड्याळ उजेडाशिवायही चालतं, आणि ते आईबापाकडून येतं, हे दाखवायचं. त्यासाठी माश्या ठेवायच्या काळोख्या खोलीत. आणि मी तर कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी!

पहिल्याच दिवशी अंधारात कुणीतरी खोकललं. मी किंचाळले, बाटली फुटली, माश्या पसार. स्टुलावर अटेंडंट नामदेवभाऊ बसले होते.

"अवं पोरी, मी भूत नाही, परमनंट आहो!"

* * *

सुट्टीत गावी, करडीला घरी गेले, तर आईने विचारलं, "कॉलेजात काय करून राहिली?"

"माश्या पाळते. गूळ-केळं घालून."

"इथं हाकलू हाकलू हात दुखले माये, अन् तू गूळ चारून राहिली?"

* * *

आमच्याकडे माश्यांची एक खास जात आहे. एका जनुकातल्या बदलामुळे त्यांचा दिवस एकोणीस तासांचाच. माझी पार्टनर प्रणाली एकदा अकराला उगवली आणि आमच्या गाइड मॅडमना म्हणाली, "मॅडम, माझ्यातही तोच जनुक असेल."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्या माश्या अंधारात रोज पाच तास लवकर उठतात. तू?"

* * *

काळोख्या खोलीत फक्त मंद लाल दिवा चालतो, कारण माश्यांना लाल दिसत नाही. बल्ब उडाला, तर भाऊंनी पुतण्याच्या लग्नातली लाल माळ लावली. लुकलुकणारी!

मॅडम ओरडल्या, "ही काय वरात आहे?"

"माश्यायले दिसतच नाही म्हणता ना? मंग कायले बोंबलता?"

भाऊ डबा घेऊन आपल्या दुपारच्या झोपेला गेले.

* * *

व्हायव्हाच्या आदल्या दिवशी माझ्या खांद्यावर पाल पडली. मी घाबरून मोबाईलचा टॉर्च लावला! सात दिवस जपलेला अंधार गेला, माश्यांची घड्याळं सरकली, माझा ग्राफ बाद. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता उद्या बोलून पास हो."

* * *

व्हायव्हाला बाहेरचे सर आले. "अंधारातही घड्याळ चालतं, याचा पुरावा?"

ग्राफच नाही, दाखवू काय?

तेवढ्यात काळोख्या खोलीचं दार उघडलं. सकाळपासून आत बसलेले भाऊ डबा घेऊन बाहेर आले. आत ना मोबाईल, ना घड्याळ.

"मॅडम, दीड वाजला. टेकतो जरा."

सरांनी मनगट पाहिलं. बरोब्बर दीड!

सर हसले. "ही सवय झाली. आनुवंशिक कशावरून?"

भाऊंना ते लागलं. "त्या खिडकीतून समोर लायब्ररीत पाहा, सर. काउंटरवर माही पोरगी बसते."

सरांनी पाहिलं. रजिस्टरवर कपाळ टेकवून सुनीताताई गाढ झोपल्या होत्या.

"माहा बाप तळ्यावर डोंग्यात लवंडे. याच टायमाले."

सरांनी खिडकी आवाज न करता लावून घेतली, मार्कशीट पुढे ओढली आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "रोल नंबर?"