लोखंडी डब्यावरची कोपी

मी ट्रॉल्या बनवतो. वडवणीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि ज्या दुष्काळाची ही आठवण आहे, त्या साली दुकानात चहाशिवाय काही शिजत नव्हतं. आमच्या भागात उसाचं टिपरू नव्हतं, मग ट्रॉली कोण बनवून घेणार? दिवसभर स्टुलावर बसून मी रस्त्यावरून जाणारे टँकर मोजायचो. अशात एक दिवस माझ्या वहिनी गावाकडून जीपने आल्या आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, आमाला एक खोली बांधून द्या. पर पान्याचा थेंब लागला न्हाई पायजे."

मी आधी हसलो. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि माझ्या अंगात जे वारं शिरलं, ते पुढचे दोन महिने काही निघालं नाही.

गावातल्या बायकांची दुधाची सहकारी सोसायटी होती आणि वहिनी तिच्या चेअरमन. दूध कॅनमध्ये भरून जीपने वडवणीला यायचं. त्या उन्हात अर्धं वाटेतच नासायचं. तालुक्याच्या दूध संघाकडे दूध थंड करण्याचं एक मशीन आलं होतं. ते आमच्या गावाला द्यायला साहेब तयार होते, पण त्यांना पक्की, थंड राहणारी खोली हवी होती. पोळ्याच्या आत खोली दिसली नाही तर मशीन दुसऱ्या गावाला जाणार होतं. आता विटांचं बांधकाम म्हटलं की सिमेंट कालवायला पाणी, मग भिंतींवर पाणी मारायला पाणी. गावात तर घरटी मोजून घागरी मिळत होत्या.

शेवटी उठता उठता त्या हळूच म्हणाल्या, "मशीन आलं तर औंदा आमी तोडीला जानार न्हाई. न्हाई आलं तर मुकादमाला हो म्हनावंच लागंल."

त्यात सगळं आलं. वैशाखात लग्न होऊन वहिनी आमच्या घरी आल्या आणि त्याच दिवाळीनंतर माझ्या भावाबरोबर ऊस तोडायला गेल्या. तेव्हापासून दरवर्षी जात होत्या. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचं, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचं. टोळी नेणारा मुकादम नवराबायको मिळून एक कोयता मोजतो, म्हणून दोघांनाही जावं लागे. मी मात्र वेल्डिंग शिकलो आणि सुटलो. याची टोचणी मला कायम असायची, आणि त्या दुपारी ती फारच टोचली.

पाण्याशिवाय खोली! रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. आणि मग पुण्याकडे लोखंड आणायला गेलो असताना मला ते दिसले: जहाजावरून माल आणणारे जुने कंटेनर, एकावर एक पाच-पाच रचलेले. मी गाडीतून उडीच मारली. भिंती तयार, छप्पर तयार, जमीन तयार, दारसुद्धा तयार! आपण फक्त खिडक्या कापायच्या. यार्डातल्या माणसाने मला तीन वेळा विचारलं, "घ्यायचाय का नुसता हात फिरवायचाय?"

सोसायटीने त्यातला एक घेतला. तो ट्रेलरवरून गावात आला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. मारुतीच्या पारापाशी वळण बसेना. शाळा सुटली, पत्त्यांचा डाव मोडला, छावणीत जनावरांपाशी बसलेली माणसंसुद्धा धावत आली. लिंबाची फांदी आडवी आली तर चौघे जण सांगण्याची वाट न बघता वर चढले. डब्याच्या अंगावर कुठल्याशा परक्या लिपीत काहीतरी लिहिलेलं होतं आणि प्रत्येक जण ते आपल्याला वाचता येतंय असं सांगत होता. एका म्हातारबाने पत्र्यावर काठी वाजवून मला विचारलं, "हा समुद्रावरून आलाय म्हन्तात. आन हितं तर प्यायला न्हाई. चुकून आलाय का रं?" सगळा पार हसला. दुष्काळात इतकं मोठ्याने हसलेलं मी गाव ऐकलं नव्हतं.

मोजून नऊ दिवसांत मी खिडक्या कापल्या, चौकटी जोडल्या, चारी कोपऱ्यांखाली दगडी चिरे बसवले. दुकान बंद करून गावातच मुक्काम ठोकला. वहिनी भाकरी घेऊन यायच्या तेव्हा मी त्यांना आत नेऊन दाखवायचो, मशीन इथे, कॅन इथे, वही लिहायची जागा इथे. मी फार बोलत होतो हे मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. पाण्याचा थेंब लागला नव्हता!

फक्त एक गोष्ट राहिली होती. दुपारी बारा वाजता आत पाय ठेवला की भाजून निघायचं.

यावर आमच्या चुलत्यांकडे उपाय होता. त्यांचा सगळा जन्म माळवदं घालण्यात गेलेला. आमच्याकडची जुनी घरं मातीच्या सपाट छपराची. लाकडावर फांद्या आणि पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर, तुडवून बसवलेला. बाहेर आग असली तरी आत गार. चुलते म्हणाले, "वर पांढरी टाक. दुसरं काय लागतंय? जलमभर तेच केलंय आमी."

मला ते लगेच पटलं. खरं म्हणजे मला तेव्हा काहीही पटलं असतं. पोराने विचारावा तसा एकाने प्रश्न विचारला, "पत्रा दम धरंल का?" त्यावर मी नाक वर करून सांगितलं, "अरे, असे पाच-पाच डबे एकावर एक रचलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. मातीला काय होतंय?"

माती कालवायला पाणी लागणार होतं, तेवढं मी सोयीस्कर विसरलो. बायकांनी तीन दिवस भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी घमेल्यात साठवलं. पडक्या गढीवरून पांढरी माती आली. चुलते धोतर खोचून वर चढले, माती पसरली, दोन गडी तुडवायला लागले. खाली आम्ही टाळ्या वाजवत होतो. गावात बांधकाम चाललंय यानेच माणसं चेकाळली होती. वहिनी आतमध्ये जमीन झाडत होत्या.

तेवढ्यात आवाज झाला. ढोलावर एकदम थाप पडावी तसा. छपराचा मधला भाग आत गेला, आणि जाताना खिडकीची चौकट पिळून गेला. वरचे गडी आणि चुलते घसरून मधल्या खड्ड्यात मातीत बसले. मी दाराकडे धावलो तर वहिनी बाहेर येत होत्या. केसांवर गंजाची भुकटी, हातात झाडू तसाच. त्यांना लागलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"भाऊजी, साहेब आठ दिसानं येनार हायेत. मुकादम त्याच्या दुसऱ्या दिशी. त्याला काय सांगायचं तेवढं मला सांगून ठिवा."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

चूक माझी होती, आणि ती कळायला मला दहा मिनिटं लागली. मी आयुष्यभर ट्रॉल्या बनवल्या. ट्रॉलीत भार तळाला असतो, सगळीकडे सारखा, आणि आपण तळ भक्कम करतो. हे डबे एकमेकांवर उभे राहतात ते फक्त चार कोपऱ्यांवर. मधला पत्रा निव्वळ पाऊस अडवायला. पाच डबे मी नीट पाहिले होते, पण ते कशावर टेकलेत हे पाहिलं नव्हतं. त्यात भिंतींना भोकं पाडून त्या मीच कमजोर केल्या. लोखंडाचं मला सगळं कळतं असं मी गावभर सांगितलं होतं! मला स्वतःचा इतका राग आला की मी हातोडा फेकून दिला आणि मग तो शोधत बसलो.

माती उतरवली. ट्रॅक्टरचे जॅक आतून लावून पत्रा वर रेटला, खाली अँगल जोडले, चौकट सरळ केली. चार दिवस त्यात गेले. डबा पुन्हा उभा राहिला, पण आग तशीच. चौथ्या दिवशी दुपारी मी आत बसून घाम पुसत होतो तेव्हा वहिनी सात-आठ बायकांना घेऊन आल्या. सगळ्या तोडीला जाणाऱ्या.

"आमी कोपी घालतो वरून," वहिनी म्हणाल्या.

कोपी म्हणजे उसाच्या फडात तोडणारे राहतात ती झोपडी. बांबूची कमान आणि वर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. सहा महिने त्यातच संसार. मी तोंड वाकडं केलं. "वहिनी, साहेब येणार. पक्की खोली दाखवायची आणि तिच्या डोक्यावर झोपडी? हसतील ते."

"हसू द्या. तुमी कदी उन्हाचं कोपीत बसलाव का?"

मी नव्हतो बसलो.

"आमी बसलोय. वर पाला, आन खालून वारं जायला जागा. ती जागा ठिवली तर लोखंडाला ऊन लागनारच न्हाई. फकस्त कोपी डब्याला टेकू द्यायची न्हाई. तिला तिचे पाय पायजेत."

मी उठलो आणि पाईप कापायलाच लागलो. स्वतःच्या पायांवर उभं, डब्यापासून हातभर उंच, डब्यावर भार काहीच नाही! इतकी सोपी गोष्ट माझ्या दुकानात बसून मला शंभर वर्षांत सुचली नसती.

बांबू कुठून आणायचे हा प्रश्न आला, तर बायका घरोघर गेल्या आणि परसात बांधून ठेवलेले आपापले कोपीचे बांबू घेऊन आल्या. पुढच्या हंगामासाठी जपलेले. मी म्हणालो, "साहेब नाही म्हणाले तर?" त्यातली एक म्हणाली, "मग सोडून नेऊ. ट्रकात टाकायचेच हायेत." आणि बांधायला लागली. पाचट तर गावात नव्हतंच आणि कडब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, जनावरं उपाशी होती. म्हणून तुराट्या आणि पऱ्हाट्या, तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, आणल्या. त्यांचे हात इतके झरझर चालत होते की मी वेल्डिंग सोडून बघत बसलो. एक कमान, दुसरी कमान, सुतळीची गाठ, दातांनी तोड. मी खालून मोठमोठ्याने शाबासकी देत होतो आणि त्या मला, "गप ऱ्हावा, पाईप धरा," म्हणत होत्या. चुलतेसुद्धा खाली उभे राहून कोपी किती कललीय ते सांगत होते, आणि कुणीही त्यांचं ऐकत नव्हतं.

साहेब आले ते ऐन दुपारी. आधी त्यांनी कोपीकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशा हलल्या. ते आत गेले. खुर्चीवर बसले. चहा आला, तो प्याले. मग उठून त्यांनी तळहात लोखंडी भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"वरचं हे कुणी केलं?"

मी पुढे सरसावलो होतो. सवयच ती. पण माझ्या आधी वहिनी म्हणाल्या, "आमी."

"मंगळवारी मशीन पाठवतो," साहेब म्हणाले. बाहेर बायकांनी इतका गलका केला की त्यांचं पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. मी तर चुलत्यांना उचलून घेतलं. त्यांनी मला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. वहिनी त्याच्याशी दारातच बोलल्या. फार बोलणं झालं नाही. तो गेल्यावर माझा भाऊ, जो कधी चार शब्द बोलत नाही, कोयते तेल लावून माळ्यावर ठेवून आला.

दिवाळीनंतर ट्रक गेले. सगळ्यांच्या नशिबी मशीन नव्हतं, गाव निम्मं रिकामं झालं. जानेवारीत एकदा मी मशीनची मोटार बघायला पहाटेच गेलो. डब्यापुढे बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. वहिनी वही लिहीत होत्या. मध्येच त्या उठून बाहेर आल्या, हात काखेत घालून गावाकडे बघत राहिल्या. घराघरातून चुलीचा धूर जमिनीलगत पसरला होता.

मी विचारलं, "काय झालं?"

"काई न्हाई," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले, पर ह्या गावात थंडी कशी पडती ते म्या आजवर बघितलंच न्हवतं."