फलाटावरची कॅप्टन

...तर तुझी आत्या बसस्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायची, इथवर आलो ना आपण? हां, लिही पुढे. आणि मी बोलते तसंच लिही गं, शहाणपणा करून माझं बोलणं सुधारत बसू नकोस.

विमान चालवायचं पक्कं लायसन होतं तिच्याकडे. आणि काम काय? तर "फलाट चारवरची गाडी सुटत आहे, प्रवाशांनी बसून घ्यावे." तुझे आजोबा तेव्हा बस चालवायचे, त्यांनीच साहेबाला सांगून तिला तिथे चिकटवलं. घरी झुरत बसण्यापेक्षा बरं म्हणून. आवाज गोड, शब्द न् शब्द मोकळा. पण वरून विमान गेलं की मध्येच थांबायची. माइक चालूच, आणि स्टँडभर नुसती खरखर. ड्रायव्हर मंडळी महावात्रट. जाता-येता काचेवर टिचकी मारायची, "काय कॅप्टन, आज विमान कुठल्या फलाटाला लागणार?"

"तुमचं धूड हललं की मग लागेल," ती म्हणायची. हसायची पण.

घरी आली की मात्र गच्चीवर जाऊन उभी. वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी मागून जायचे. विचारायचे काही नाही. उपाशी माणसाला भूक लागली का, असं काय विचारायचं?

अर्ज किती केले असतील देव जाणे. सगळीकडे एकच, अनुभव नाही म्हणून नको. अगं, पण कुणी आधी घेतल्याशिवाय अनुभव येणार कुठून? पोहायला आलं की मग पाण्यात उतर म्हणण्यातली गत.

मग तिच्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीने एका बाईचा नंबर दिला. पायलट लोकांना नोकऱ्या शोधून द्यायचा त्या बाईचा व्यवसाय. मी तिचं नाव ठेवलं फोनवाली, कारण आजवर तिचा आवाजच ऐकलाय, तोंड नाही पाहिलं.

मी म्हटलं, "म्हणजे लग्न जुळवणारीच की."

"आई, लग्न नाही गं. नोकरी."

"तेच ते. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे, आणि खोट कुठे आहे ते दोघांनाही कळू द्यायचं नाही. पैसे किती घेते?"

"माझ्याकडून काहीच नाही. ज्यांना पायलट हवाय ते देतात."

ते ऐकून तर माझा संशय दुप्पट झाला. फुकट कोण कुणाचं करतं?

पण बाई सरळ निघाली. पहिल्याच फोनला आत्याने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, मी भाजी निवडत ऐकत होते. फोनवालीने गोड गोड काही नाही, एकदम विचारलं, "शेवटचं विमान कधी चालवलंस?"

आत्या माझ्यापुढची भाजी ओढून निवडायला लागली.

"ऐकू येतंय का? शेवटचं कधी?"

"दोन वर्षं झाली."

"मग आधी हात ताजा कर. गंजलेला हात घेऊन मी तुला कुणापुढे उभी करणार नाही."

मला राग आला. माझ्या पोरीला असं बोलते म्हणजे काय! पण आत्याने ऐकलं. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून लांबच्या फ्लाइंग क्लबवर जायला लागली, तिथल्या सरांबरोबर छोट्या विमानाची उजळणी करायला. परत यायची ती उन्हाने लाल होऊन, कपड्यांना पेट्रोलचा वास. त्या दिवशी जेवताना बडबड बडबड करायची. एरवी ताटाकडे बघत जेवणारी मुलगी. मी मनात म्हणायचे, देवा, हिला रोजच असं बोलू दे.

पुढे फोनवालीचा फोन आला. म्हणाली, "मोठ्या कंपन्यांच्या रांगेत तू फार मागे आहेस, खोटं सांगणार नाही. एक जागा आहे. बेटांवर. आठ-दहा माणसांचं विमान, औषधं, टपाल, कोंबड्यासुद्धा. सामान स्वतः चढवायचं. लांब आहे, वर्षा-दोन वर्षांनी घरी येशील. विचार करून सांग."

तिच्या डोळ्यांपुढे मोठं विमान, कडक इस्त्रीचा गणवेश. चेहरा एवढासा झाला. तुझे आजोबा म्हणाले, "टपावर सामान मी पण चढवलंय जन्मभर. हात झडले नाहीत माझे."

जेवण झालं. हात धुताना म्हणाली, "उडतंच ना ते पण?" आणि गेली फोन करायला.

मुलाखत घरूनच होती, कॉम्प्युटरवर. फोनवालीने आधी प्रश्न विचारून विचारून तिच्याकडून उत्तरं घोटून घेतली होती. आणि बजावलं होतं, घरात भांडंसुद्धा वाजता कामा नये. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून बसलो. आजोबांनी आधीच बटाटे उकडायला लावून ठेवले होते, ते कुणाच्याच ध्यानात नाही. कुकर फुरफुरायला लागला. शिट्टी होऊ नये म्हणून या माणसाने काय करावं? झाऱ्याने शिट्टी दाबून धरली! मी हातवारे करतेय, सोडा, सोडा. ते मान हलवतायत, नाही, नाही. कुकर थरथरतोय, आणि आवाज असा की साप बरा.

पलीकडचे साहेब नेमके तेव्हाच विचारत होते, दोन बिघाड एकदम झाले तर काय करशील. आत्या म्हणाली, "सर, एक मिनिट, आधी इथलं बघते." शांतपणे आत आली. गॅस बंद केला, बापाचा हात धरून बाजूला घेतलं, आम्हाला दोघांना बाहेर काढलं, दार ओढलं. ओरडली नाही, एक शब्द नाही. परत जाऊन बसली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"प्रेशर वाढलं होतं, सर. वडील सुखरूप आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. आधी विमान सांभाळायचं, मग कुठे चाललोय ते बघायचं, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी."

म्हणे खो खो हसले साहेब. त्यावर नोकरी मिळाली असं नाही गं, पुढे तिकडे बोलावून विमान चालवायला लावलं, हात पाहिला. मग घेतलं. फोनवालीचा निरोप आला तेव्हा तुझ्या आत्याला आभाळ ठेंगणं झालं. आजोबांनी स्टँडभर पेढे वाटले. मी पिशव्या भरायला घेतल्या आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही खरंच चालली.

आता येते ती फोनवर. समुद्र वरून किती रंगांचा दिसतो ते सांगते. कुठल्याशा बेटावरच्या म्हातारीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, वाटभर म्हातारीने हिचा खांदा सोडला नाही, ते सांगते. मी हं हं म्हणते. कोण कुठली ती म्हातारी, पण मला तिचा हेवा वाटतो बघ. आजोबा अजून रोज चहाच्या नावाने स्टँडवर जातात आणि नवीन मुलीचं पुकारणं ऐकून चिडून येतात, फार घाईत बोलते म्हणतात. गच्चीवर मी जातेच, कपडे नसले तरी. वरून काही गेलं की मान वर होते. ती नाही त्यात, कळतं मला. मान कुठे ऐकते?

तेव्हा आता एक काम कर. तो फोनवालीचा नंबर आहे ना, तिला कळव, आत्याची आई विचारतेय म्हणून. म्हणावं, इकडे आसपास, रात्री नाही तर चार दिवसांनी तरी घरी येता येईल अशी उडायचीच एखादी जागा निघाली, तर आधी आमच्या मुलीला विचार. जमिनीवरची नको. ती कितीही जवळ असली तरी सांगू नको म्हणावं.