घोडीचा परिच्छेद

आमच्या मिठबावचा एक माणूस पुण्या-मुंबईच्या शर्यतींत वीस वर्षं जॉकी होता. निवृत्त होऊन तो गावी आला, तेव्हा आम्ही शाळेत त्याचा सत्कार ठरवला. मी तिथे मराठी शिकवतो, म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं.

त्याने एकच अट घातली. "मास्तर, माझ्या आधी घोडयेचा लिवा."

या घोडीने त्याला सर्वांत मोठी शर्यत जिंकून दिली होती. विजयरेषा ओलांडल्यावर दहा पावलांत तिचा पुढचा पाय मोडला. तशा पायाला उपाय नसतो. तिथेच आडोसा करून तिला मरणाचं इंजेक्शन दिलं. जिंकलेला घोडा लगाम धरून आणायचा आणि त्याच्या शेजारी उभं राहून कप घ्यायचा, अशी तिथली रीत. त्या दिवशी याने आणि घोडीच्या ट्रेनरने कप घेतला तो घोडीवाचून. नंतर दोघे तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. तोच ट्रेनर, आता ऐंशीच्या घरातला, सत्काराला प्रमुख पाहुणा म्हणून येणार होता.

मी परिच्छेद लिहिला. चांगला लिहिला होता. समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "रे मास्तर, सत्कार माणसाचो काय घोडयेचो? तिका शाल खंय घालतलास?" सगळे हसले. मीही हसलो. काढून टाक असं कुणीच म्हणालं नव्हतं. घरी येऊन मीच तो काढला.

कार्यक्रमात मी मानपत्र वाचलं. घोडीचं आता येईल, आता येईल, म्हणून तो शेवटच्या ओळीपर्यंत माझ्याकडे बघत होता. मग ट्रेनरकडे न बघता त्याने शाल घेतली.

चार महिने मी त्याला टाळलं. शेवटी काढलेल्या परिच्छेदाचा कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. तो माडांना पाणी सोडत होता. मी माफी मागितली.

"वाचा," तो म्हणाला. पाइप खाली टाकून उभ्यानेच त्याने सगळं ऐकलं.

"बरां लिवलात. पण ह्यां माझ्यासाठी नाय होतां, मास्तर. तो म्हातारो आयकतलो म्हणान सांगितललंय. आमका दोघांका तिच्याबद्दल बोलूक कधी जमला नाय."

"मग मी त्यांना पाठवतो. आजच पाठवतो."

"गेलो तो. गेल्या म्हयन्यात."

त्याने बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. तो चहा मी प्यायलो.