उधाणाचे लांडगे

लांडग्यांवर माझ्या थोरल्या साडूंइतकी माया करणारा माणूस उरणपासून तळा गावापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांनी स्वतः आयुष्यात एकही लांडगा पाहिलेला नाही. आमच्या खाडीकाठी कोल्हे आहेत, भटक्या कुत्र्यांची तर ददात नाही. लांडगा मात्र कुणाच्या आजोबांनीही पाहिल्याचं ऐकिवात नाही. पण साडूंचे लांडगे रानातले नव्हेतच. ती दहावी-अकरावीतली पोरं आहेत. दिवसा शाळेत जातात, आईचा ओरडा खातात आणि ठरावीक तिथीला त्यांच्या अंगावर केस उगवतात. बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांचा मालक, पोट सुटलेला, गळ्यात जाड चेन घातलेला हा माणूस टपरीवर चहा पिता पिता या पोरांची अशी काळजी करतो, की नवख्याला वाटावं ती ह्याच्याच आळीत राहतात. "भूक लई लागते वो त्यांना," ते मला सांगतात, "आन घरात कुनी इचारीत न्हाय."

त्यांच्याबरोबर चारचौघांत जायचं म्हणजे जिवाला घोर असतो. एका हळदीला आम्ही गेलो होतो. डीजे दणदणत होता, मटणाच्या पंगती उठत होत्या, आणि साडू नवरदेवाच्या धाकट्या भावाकडे टक लावून बसले होते. त्या बिचाऱ्याच्या दोन्ही भुवया मधोमध जुळलेल्या होत्या, आणि साडूंच्या लेखी ती लांडग्याची खूण. साडूंनी त्याच्या आईला बाजूला घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वयनी, उधानाच्या दिसाला पोराला बरं वाटतं ना?" माउलीला वाटलं पोराचं दारूचं व्यसन बाहेर फुटलं. तिने तिथल्या तिथे त्याच्या पाठीत धपाटा घातला. घरी येताना मी चिडलो, तर साडू म्हणाले, "मारायला नको व्हतं तिनं. त्याचा काय दोष?"

ट्रेलरच्या मागे त्यांनी लांडगा रंगवून घेतला. पेंटरचा हात देवीच्या मुखवट्यावर आणि वाघावर बसलेला. लांडगा काढायचा म्हणताच तो गांगरला आणि समोरच्या बंगल्यातला अल्सेशियन बघून त्याने काम उरकलं. चित्राखाली साडूंनी ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'ये, जेवून घे'. आता हायवेवर लोकांना वाटतं ही एखाद्या ढाब्याची जाहिरात आहे. एकदा एका कुटुंबाने गाडी आडवी घालून ड्रायव्हरला विचारलं होतं, "ढाबा अजून किती लांब? व्हेज मिळतं ना?"

पण सगळ्यात मोठा वाद अमावस्येचा. माणसाचा लांडगा पौर्णिमेला होतो हे आता सिनेमामुळे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साडूंचा लांडगा अमावस्येलाही होतो. यावर टपरीवरची कॉलेजची पोरं त्यांना हसतात, पण ते हटत नाहीत. साडूंचं बालपण मिठागरात गेलं. वडील मीठ पिकवायचे. पौर्णिमेचं आणि अमावस्येचं उधाण आलं की खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते उन्हात तापू द्यायचं, मग मीठ. चंद्र त्यांना कळतो तो पाण्यावरून. "चांद पानी वडतो तवा मान्साच्या अंगातलं पन वडतो का न्हाय?" ते पोरांना विचारतात. "मंग अवसेचं उधान काय खोटं असतं?"  म्हणून दोन्ही तिथींना ते उरल्यासुरल्या मिठागराच्या बांधावर ताटात तांदळाची भाकरी आणि तळलेला बोंबील ठेवून येतात. सकाळी ते सगळं चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, खाल्लेलं असतं. साडू ताट रिकामं बघून समाधानाने घरी येतात.

हे सगळं त्यांच्या लेकीचं देणं. साडू सातवीतून शाळा सोडलेले, आणि पोर इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडणारी. मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून आधी माझ्याकडे यायची; माझ्या कपाटातली पुस्तकं बघून म्हणाली, "काका, तुमच्याकडे सगळी म्हातारी माणसंच आहेत." मग तिने कुठूनशी पोर-लांडग्यांची ती जाडजूड मालिका मिळवली. संध्याकाळी बाप ट्रेलर लावून आला की दोघं बांधावर बसायची. ती आधी इंग्रजीत वाचायची, कारण बापाला तिचं फाडफाड इंग्रजी ऐकायला आवडायचं, आणि मग अर्थ सांगायची. गोष्ट कुठल्याशा बर्फाळ देशातली, सोळा वर्षांच्या लांडग्या पोराची. साडू मध्ये मध्ये हुज्जत घालायचे, ती कपाळावर हात मारायची. बापलेकीचा तो तमाशा बघायला मी मुद्दाम वाट वाकडी करून जायचो.

अकरावीत तिला रक्ताचा आजार निघाला. मुंबईच्या इस्पितळात महिने गेले. मालिकेतलं शेवटचं पुस्तक तिने तिथेच उशाशी ठेवलं होतं. एका दुपारी साडू आठवड्याच्या खेपेवरून परतले ते थेट डबा घेऊन वॉर्डात आले. मी त्यांच्या मागेच होतो. औषधांनी पोरीचा चेहरा सुजला होता, केस काढून टाकले होते. साडू खाटेपाशी थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि तिलाच विचारलं, "बाय, या खाटंवरची आमची पोर कुठं नेली?"

ती म्हणाली, "बाबा, मीच."

डबा त्यांच्या हातात तसाच राहिला. आतून काहीतरी तुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, तो मी विसरू शकत नाही. पोर हसली, त्यांचा हात धरून बसवलं आणि म्हणाली, शेवटचं प्रकरण राहिलंय, ऐका. मी चहाच्या निमित्ताने बाहेर पडलो. काय ऐकलं ते साडूंनी नंतर शंभरदा सांगितलं. लांडगा झालेला पोर अमावस्येला आपल्याच दाराशी जातो. बाप बंदूक घेऊन बाहेर येतो. बघतो. बंदूक खाली ठेवतो आणि म्हणतो, "ये, जेवून घे." पावसाळ्याच्या तोंडावर पोर गेली.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर एका दुपारी साडूंनी मला बांधावर बोलावलं. हातात ते शेवटचं पुस्तक. टपरीवरच्या एका मुलीने ती मालिका वाचली होती. ती म्हणाली होती, काका, अमावस्येचं पुस्तकात कुठेच नाही.

"अवसेचं न्हाय तर न्हाय," साडू म्हणाले. "पन मंग बापाचं? बापानं वलखलं का न्हाय त्याला? तुमी वाचा, मास्तर. ती वाचायची तसं. आधी इंग्रजी."

मी ते पान काढलं. अमावस्या नव्हतीच, लख्ख पौर्णिमा होती. दाराशी पोर उभा होता. बापाने त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. त्याने आतून कडी लावली. पोर बराच वेळ बर्फात उभा राहिला आणि जंगलात निघून गेला. जेवणाचा शब्दही त्या पानावर नव्हता. मी इंग्रजीत अक्षर न् अक्षर वाचलं. साडू माझ्या तोंडाकडे बघत होते. सोळा-सतरा वर्षांची पोर, अंगात त्राण नसताना, बापासाठी एवढं मोठं पुस्तक बदलून गेली होती, आणि एवढी वर्षं इंग्रजी शिकवून मला ते आत्ता कळत होतं. 

"आता अर्थ," साडू म्हणाले.

मी सांगितलं, "बाप बंदूक घेऊन बाहेर आला. त्याने बघितलं. बंदूक खाली ठेवली. म्हणाला, ये, जेवून घे."

"वलखलं ना?"

"लगेच ओळखलं, दादा."

 साडूंनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन सदऱ्याला पुसलं.

"इंग्रजी वाचताना तुमचा आवाज बसला, मास्तर," ते म्हणाले. "माज्या पोरीचा पन हितंच बसला व्हता. मला वाटलं, औषधांनी."

  खाडीचं पाणी बांधाला लागायला लागलं होतं. साडू गुडघ्यांवर हात टेकून उठले, पिशवीतून ताट काढून त्यात भाकरी वाढली, तिच्यावर बोंबील ठेवला आणि ताट नेहमीच्या जागी नीट मांडलं.

"अवस हाय आज," ते म्हणाले. "पोर उपाशी नको राव्हायला."