आबांचा खोकला आणि माझी सिगारेट

मी सिगारेट सोडायचं ठरवलं ते स्वतःच्या छातीसाठी नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जुना खोकला होता आणि हल्ली तो जास्त यायचा. आबांनी जन्मात विडी ओढली नाही की तंबाखू मळली नाही, तरी सकाळ-संध्याकाळ बांधावरून त्यांचा खोकला ऐकू यायचा. आमच्या गावी लासुर्ण्याला उसात विहिरीजवळ पाण्याच्या मोटारीची खोली आहे. तिच्या मागं उभा राहून मी ओढायचो. वडिलांसमोर ओढायची आमच्यात पद्धत नाही. वय पंचेचाळीस, दोन लेकरांचा बाप, लोणी देवकरच्या कारखान्यात पंधरा माणसांवरचा सुपरवायझर, आणि घरी भिंतीआड लपून झुरके मारणार. आबांचा खोकला आला की सिगारेट पायाखाली आणि वेलदोडा तोंडात. त्यांना यातलं काही माहीत नाही, याची मला पक्की खात्री होती.

एक दिवस बायको म्हणाली, तुमचाच धूर मामंजींच्या छातीत बसला असणार. हे तिनं भाकरी थापताना, मान वर न करता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. माझ्यामुळं आबांची छाती गेली तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो?

कारखान्यात मशीन बंद पडलं की मी आधी बिघाड शोधतो, मग पाना उचलतो. स्वतःच्या बाबतीत नेमकं उलटं केलं. आधी पाकीट घ्यायचं बंद करून सुटी सिगारेट घ्यायला लागलो. टपरी लांब होती, त्यामुळं एवढं चालत आलोच आहोत तर दोन ओढू, असं व्हायला लागलं. मग इंदापूरच्या एका मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगम आणलं. ते हळूहळू चावून गालात धरून ठेवायचं असतं. मी ते जेवणानंतरच्या पानासारखं कचाकचा चावलं आणि मला उचकी लागली.

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आमच्या आईच्या लेखी सिद्ध झालेलं आहे. तिनं एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. आत्याचं नाव घेतलं आणि नेमकी उचकी थांबली. आईनं लगेच आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, मी काही आठवण काढली नव्हती, पण आता येतेच. ती आली आणि चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत मला नेहमीपेक्षा जास्त सिगारेटी लागल्या.

मग देव आठवला. लोक काशीला जाऊन आवडीची वस्तू सोडतात, काशी लांब पडते म्हणून मी मोरगावला गेलो. गणपतीपुढं हात जोडले, डोळे मिटले, आणि ऐन वेळी माझा धीर सुटला. देवाला फसवण्यापेक्षा जमेल तेवढंच बोलावं म्हणून मी पडवळ सोडलं. पडवळ मला मुळातच आवडत नाही. घरात पडवळ असलं की बायको अजून माझ्यासाठी वेगळी भाजी करते आणि भांडी जरा जास्तच आपटते.

आबांचा खोकला मात्र वाढत चालला होता. शेवटी त्यांना मोटारसायकलवर बसवून बारामतीला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. वाटेत मी मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते देवालाच माहीत. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, छाती स्वच्छ आहे, तरण्या माणसाला लाजवेल अशी. मग त्यांनी आबांना विचारलं, खोकला झोपेत येतो का? नाही. जेवताना? नाही. मग येतो तरी कधी?

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो मोटारीच्या खोलीमागं असला की येतो."

डॉक्टरांना ते लगेच कळलं. मला कळायला बाहेर येऊन गाडीला किल्ली लावेपर्यंत वेळ लागला.

"खोकला न्हवताच त्यो," आबा म्हणाले. "घरात सुना असल्या की सासरा दारातनं खाकरतो न्हाय का, तसंच. तुला टाकून द्यायला सवड मिळावी म्हणून."

कधीपासून, असं मी विचारलं.

"कालिजात व्हतास तवापासनं. आता घसा धरतोय माझा. हितनं पुढं न खाकरता येत जाईन."

मी गाडी लासुर्ण्याच्या रस्त्याला लावली. मला लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता, कारण पंचवीस वर्षं मी किती हुशारीनं लपवतोय याचा मला अभिमान होता, आणि तेवढी वर्षं हा माणूस माझ्यासाठी घसा खरवडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीमागं जाऊन सिगारेट तोंडात धरली. पण पेटवणार कशी? आबा कुठूनही येऊ शकत होते. उसाचं पातं हललं तरी हात खाली जायचा. कारखान्याबाहेरच्या टपरीवरसुद्धा मी मागं वळून बघायला लागलो. तिथं आबा कशाला येतील, तरी पेटवणं होईना. पाच-सहा दिवस असेच गेले. डोकं दुखायचं, घरात सगळ्यांवर खेकसायचो, पण सिगारेट पेटली नाही. नंतर मी सिगारेट बरोबर न्यायचंसुद्धा सोडलं. खोलीमागं मात्र सवयीनं जाऊन उभा राहायचो.

असाच एकदा रिकामा उभा होतो, तर बांधावरून खाकरल्याचा आवाज आला. न खाकरता येणं आबांना जमलं नव्हतं. मला पकडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. माझा हात सवयीनं पाठीमागं गेला, आणि त्यात काहीच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"आबा, या," मी ओरडून म्हणालो. "हातात काय न्हाय माझ्या."

आबा जागचे हलले नाहीत. आणखी एकदा खाकरले, थोडा वेळ थांबले, आणि मगच आले.