नानांच्या जिभेवरची रांग

धुळ्याला देवपुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांना कुठेही मोबाइलची बॅटरी मारून आत डोकावायची सवय होती. स्कूटरच्या टाकीत, माठात, चिरलेल्या वांग्यात. एकदा त्यांनी ती आरशासमोर स्वतःच्या तोंडात मारली आणि पांढरेफटक होऊन माझ्याकडे आले. जिभेच्या पार मागे मोठाल्या पुळ्यांची रांग होती, दोन्हीकडून तिरपी येऊन मध्ये मिळणारी.

"संपलं आपलं," ते म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "आधी नरडाण्याला जाऊन येतो."

नरडाण्याला त्यांचे थोरले भाऊ, आबा. एका लग्नात आबांनी केलेल्या भरिताला नाना मीठ कमी म्हणाले. "तुना जिभले चवच नही," असं आबांनी भर पंगतीत सुनावलं आणि दोघांचं बोलणं तुटलं, ते कित्येक वर्षं. आता नाना निरोप घ्यायला गेले. आबा गळ्यात पडून रडले. स्वतः वांगी भाजून भरीत केलं. मीठ कमीच होतं. नाना गप्प जेवले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे उंचवटे प्रत्येकाच्या जिभेवर असतात. त्यांच्या कडांनी चव कळते." नानांचा विश्वास बसेना, तेव्हा बिचाऱ्या डॉक्टरांनी स्वतःची जीभ दाखवली. मग माझी तपासली गेली. कंपाउंडरचीही.

नानांनी तिथूनच फोन लावला. "आबा, मी काही मरत नही!"

पलीकडून आबा, "म्हणजे मी उगाच रडनू?" आणि फोन बंद.

नानांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "खरा रोग निघाला असता तर बरं," म्हणायचे.

रविवारी आबा दारात उभे. चहा नको, पाणी नको. "दखाड जीभ." दोघे म्हातारे ओट्यावर आ वासून एकमेकांच्या तोंडात बॅटरी मारत बसले. दूधवाला गाडी थांबवून बघत राहिला. आबांच्या रांगेत एक उंचवटा जास्त निघाला.

"चव तुलेच जास्त शे," असं नानांकडून कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे आबांनी चहा मागितला. पुढे ते दर रविवारी येऊ लागले. समेट झाला असं मात्र दोघांपैकी कुणी कधी म्हणालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. आबा आले, उशाशी बसले. रडले नाहीत. मग माझ्याकडे वळून तक्रार केल्यासारखे म्हणाले, "या टाईमले त्यानी सांगं बी नही."