दारावरची म्हैस

आमच्याकडे लग्नघराच्या दाराला दोन्ही बाजूंनी हत्ती काढायची रीत आहे. सोंडेत हार धरलेले दोन हत्ती आणि वर चौकटीवर गणपती. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी पुण्याहून आलो. नंदुरबार स्टेशनवरून गाडी जुंपून निघालो तेव्हा वडील म्हणाले, "चितारी नको बलावाले. तू कालेजमां शिकी ऱ्हायना ना? तूच काढ."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे तिथे काय शिकवतात याची कोणालाच कल्पना नाही. मी तर्कशास्त्र शिकतो. पण चित्रं मी लहानपणापासून काढतो आणि ती वाईट नसावीत असं मला वाटतं. निदान काढताना वाटतं. कोणी मागे येऊन उभं राहिलं की वाटेनासं होतं.

भिंतीला चुना मारायला गावातले चाचा आले होते. भिंत वाळल्यावर मी गेरूने पहिला हत्ती काढला. खरा हत्ती मी कधी पाहिलेला नाही, त्यामुळे विचारून घेणं बरं असं वाटलं. ही माझी चूक. फुई, म्हणजे वडिलांची बहीण, बाजरी पाखडता पाखडता म्हणाली, "हाऊ हत्ती शे का डुक्कर शे रे भाऊ?" मी सोंड वाढवली. वडिलांना कान सुपाएवढे हवे होते. मी सुपं काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, लग्नातला हत्ती हसरा पाहिजे. मी त्याला हसवला. दुपारपर्यंत तो सोंड लावून मत मागायला आलेल्या पुढाऱ्यासारखा दिसू लागला, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोराला जमलं नाही.

चाचांनी पुन्हा चुना मारला. दुसऱ्या हत्तीचंही तेच झालं. चाचांना चुन्याच्या प्रत्येक हाताची मजुरी वेगळी होती, त्यामुळे माझ्या कलेवर त्यांचा काही राग नव्हता. बादली ढवळत ते मला म्हणाले, "और किसी से पूछ लो, बाबू. जल्दी क्या है?"

लग्नाच्या आदल्या सकाळी मी पांढऱ्या भिंतीसमोर बसलो होतो. हातात काडी, डोकं रिकामं. समोर आमची म्हैस मांडवाच्या खांबाला पाठ घासत होती. एक शिंग खाली वळलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की लग्न तिनेच जुळवलं आहे. माझं कॉलेज तिच्याच तुपावर चाललंय. मला वाटलं, दारात उभं राहायचा मान हिचा आहे. हत्तीने आमच्यासाठी काय केलंय?

तव्याच्या पाठीची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना म्हैस काढली. तोंडात झेंडूचा हार, पण अर्धा खाल्लेला. यावेळी कोणाला विचारलं नाही.

फुई बाहेर आली आणि तिच्या हातातलं सूप पडलं. "माय वं! लगीनना घरले यमनं वाहन!"

"फुई, यमाचा रेडा असतो. ही म्हैस आहे."

"मंग तिन्हा नवरा कोन शे?"

तर्कशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता. फुईच्या ओरडण्याने अर्धी गल्ली गोळा झाली. वडील आले, दोन्ही म्हशी पाहिल्या आणि म्हणाले, "चाचा, वऱ्हाड येवाना आगोदर चुना मारी टाका." चाचा लगेच उठले.

मी आत गेलो. चित्र चांगलं आहे का, हे मला बहिणीला विचारायचं नव्हतं. पण लग्न तिचं होतं. उद्या सासरी कोणी तिला टोचून बोललं असतं तर ते चित्र ठेवायचा मला हक्क नव्हता. मी तेवढंच विचारलं. हळदीचे हात पुढे धरून ती बसली होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हत्ती काय दूध देस का?"

मी बाहेर येऊन चाचांच्या बादलीपुढे उभा राहिलो. "पुसायचं नाही," म्हणालो. वडिलांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. आवाज इतका बारीक निघाला की दोनदा म्हणावं लागलं. वडील चिडले नाहीत, त्यांना नवल वाटलं असावं. "बरं," ते म्हणाले, "याहीनी इचारं ते तूच सांग." व्याह्यांना उत्तर द्यायचं काम माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. व्याही फेटा सावरत दाराशी पोचले आणि थांबले. वाजंत्री थांबली. फुईने पदर तोंडाला लावला.

"हाई कोनी काढं?"

वडील चाचांकडे पाहू लागले. चाचा आभाळाकडे पाहू लागले. एरवी मी म्हणालो असतो, मी काढलं, पण घाईत काढलं, चुकलंय, पुसून टाकतो. ते सगळं जिभेवर आलंही होतं.

"मी," मी म्हणालो.

"हत्ती काढता येस नही का?"

"येस. पन माले म्हैस काढनी व्हती."

व्याह्यांनी डाव्या म्हशीकडे पाहिलं, मग उजव्या म्हशीकडे. पानाची पिंक बाजूला टाकली आणि आत गेले. त्यांना चित्र आवडलं, राग आला की नुसती भूक लागली होती, मला कळलं नाही. विचारावं असं क्षणभर वाटलं. पण पंगत बसत होती, आणि वरणाची बादली माझ्याकडे होती.